नवशिक्याची पहिली मोटारसायकल
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्षीच्या मेळाव्यात काय बोलणार, असे चिटणीसांनी मला विचारले तेव्हा संस्कार, शिस्त अथवा वाचनाची गोडी अशा एखाद्या विषयाची त्यांची अपेक्षा असावी. निवृत्त शिक्षकाकडून लोक तशीच अपेक्षा ठेवतात. मी 'मोटारसायकल' असे म्हणताच ते थोडा वेळ माझ्याकडे पाहतच राहिले. मी यंत्रशास्त्रातला तज्ज्ञ नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम, आणि सारी हयात प्राथमिक शाळेत गेलेली. तथापि पालकांशी माझा संबंध निवृत्तीनंतरही सुटलेला नाही आणि अलीकडे ते मला दोनच गोष्टी विचारतात. मुलाला दहावीनंतर कोठे घालावे, ही पहिली. आणि मुलगा गाडीसाठी हट्ट धरून बसला आहे, कोणती घ्यावी, ही दुसरी. पहिल्या प्रश्नावर बोलणारे वक्ते आपणांस पुष्कळ मिळतील.

आपल्या स्मरणिकेत दोन प्रकारची छायाचित्रे छापली जातात. पुढच्या पानांवर गुणवंत विद्यार्थी असतात आणि शेवटच्या पानांवर श्रद्धांजली असते. पूर्वी त्या शेवटच्या पानांवर पांढऱ्या केसांची, फेटे-टोप्या घातलेली, नऊवारीतली माणसे असत. गेल्या काही वर्षांत तेथे वीस-बावीस वर्षांचे चेहरेही दिसू लागले आहेत. एका मुलाचे छायाचित्र चार वर्षांच्या अंतराने दोन्ही ठिकाणी आलेले मी पाहिले. त्याचे नाव मी येथे घेत नाही. त्याचे वडील आज सभेत आहेत, आणि हा विषय मांडा असे त्यांनीच मला सांगितले आहे.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत दगावली. त्यांपैकी शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट न घालता दगावलेल्यांची संख्या पन्नास हजारांवर होती. एवढे आकडे पुरेत.

म्हणून मुलांना गाडी घेऊच देऊ नका, असे सांगण्यास मी उभा राहिलेलो नाही. ज्या गावात एस.टी. दिवसातून दोनदा येते आणि त्यांतली एक वेळ कॉलेजच्या घंटेशी जुळत नाही, तेथल्या मुलाने काय करावे? एम.आय.डी.सी.तली तिसरी पाळी रात्री सुटते. दूध डेअरीला पहाटे पोचवावे लागते. गाडी ही आता गरज आहे, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. प्रश्न आहे तो पहिली गाडी कोणती, हा.

आमच्या पिढीला हा प्रश्न असा पडला नाही, कारण आमची शिडी निराळी होती. आधी सायकल, तीही वडिलांची, सीटवर पाय पोचत नाहीत म्हणून नळीखालून पाय घालून चालविलेली. मग ज्याला ऐपत आली त्याने लुना घेतली. फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीची ही पन्नास सी.सी.ची गाडी १९७२ साली निघाली. पेट्रोल संपले तर पायडल मारीत घरी आणता येई. तिच्यावर चार-पाच वर्षे काढल्यावर मग कोणी राजदूत, येझदी अथवा बुलेटकडे वळे, आणि तोवर माणूस तिशीला टेकलेला असे. खड्डा दिसला की वेग कमी करावा, समोरचा बैलगाडीवाला हात न दाखवता वळणार आहे, बाजूच्या शेळीमागून दुसरी शेळी येणारच, हे ज्ञान त्याच्या अंगात मुरलेले असे. १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० ही गाडी आली आणि हलकी, थोड्या पेट्रोलवर चालणारी मोटारसायकल शिक्षकाच्या पगारातही बसू लागली. हे फार चांगले झाले. परंतु आज शिडीच्या मधल्या पायऱ्याच नाहीशा झाल्या आहेत. मुलगा सायकलवरून उतरतो आणि थेट दीडशे-दोनशे सी.सी.च्या गाडीवर बसतो, तीही नवी कोरी आणि हप्त्यावर घेतलेली.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, शिकाऊ मुलाची पहिली गाडी स्वस्त, हलकी, शंभर-सव्वाशे सी.सी.ची आणि शक्य तर जुनी असावी. ती शिकण्याची गाडी आहे. पहिलीतल्या मुलाच्या हाती आपण पाटी देतो, कारण त्याचे बरेचसे लिहिणे पुसावे लागणार हे आपणांस ठाऊक असते. गाडी शिकणारा पडणार. बहुधा उभ्या गाडीसहच पडेल, वळविताना, वाळूत, किंवा दारातल्या उतारावर. आरसा फुटेल, इंडिकेटर मोडेल, क्लचची दांडी वाकेल. जुन्या गाडीला हे झाले तर शंभर-दोनशे रुपयांत काम होते आणि मुलगा पुन्हा बसतो. नव्या गाडीला ओरखडा पडला तर घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही, आणि पुढे मुलगा शिकण्यापेक्षा गाडीच अधिक जपतो. गाडी आपल्या अंगावर येत आहे असे दिसताच ती सोडून बाजूला व्हावे, हे शहाणपण. पण लाखाची गाडी हातून सुटत नाही आणि मग पाय सापडतो.

आता 'हलकी' म्हणजे किती, हे सांगितले पाहिजे. स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो आणि तिच्या सीटची उंची ७८५ मिलीमीटर. २०२३ साली आलेली होंडाची शाईन १०० तर शंभर किलोच्या आत, ९९ किलो आहे. उलट बुलेट किंवा क्लासिक ३५० चे वजन १९५ किलोच्या आसपास, म्हणजे भाताची जवळजवळ दोन पोती. साडेपाच फुटांचा, पन्नास किलोचा मुलगा ही गाडी सरळ रस्त्यावर सहज चालवील, त्यात शंका नाही. चालणाऱ्या गाडीला वजन नसते असे वाटते. वजन कळते ते गाडी थांबताना. एक पाय खड्ड्यात पडला, गाडी हातभर कलली, की ती मग सावरता येत नाही.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. गाडी घेण्यापूर्वी मुलाला ती बंद स्थितीत मेन स्टँडवर चढवावयास आणि उतरवावयास सांगा. सीटवर बसून पायांनी दहा पावले मागे ढकलावयास सांगा. दोन्ही पायांचे चवडे टेकतात की नाही ते पाहा. हे ज्याला जमत नाही, त्याची ती गाडी नव्हे. मग तिचा रंग कितीही आवडलेला असो. आमच्याकडे दुकानात शिरताच पहिला प्रश्न असतो, "ॲव्हरेज किती देते?" पाय पोचतात का, हे कोणी विचारीत नाही. महिन्याला सहाशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीत लिटरला पन्नास आणि लिटरला साठ यांत फरक पडतो तो दोन लिटर पेट्रोलचा. त्या दोन लिटरांवर जेवढी चर्चा होते, तिच्या दहाव्या हिश्शानेही ब्रेकवर होत नाही.

इंजिन मोठे नको असे मी का म्हणतो, ते गणिताने सांगतो. शिक्षकाला तेवढी मुभा असावी. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर गाय आली हे डोळ्यांनी पाहून हातापायांनी ब्रेक लावेपर्यंत एक सेकंद जातो असे धरा. गाडी तेवढ्यात १० मीटर गेली. कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक लागले तर थांबावयास आणखी १० मीटर लागतील. एकूण २०. आता वेग दुप्पट करा, ताशी ७२. पहिल्या सेकंदात २० मीटर जातील. परंतु ब्रेक लागल्यावरचे अंतर दुप्पट होत नाही. ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे चौपट, ४० मीटर. एकूण ६०. वेग दुप्पट आणि अंतर तिप्पट, आणि हे हात मुरलेल्या स्वाराचे झाले. नवशिक्याला तो एक सेकंद पुरत नाही. आठ-साडेआठ अश्वशक्तीची शंभर सी.सी.ची गाडी ताशी साठपर्यंत सुखाने जाते आणि पुढे कण्हू लागते. तिचे ते कण्हणे हाच तिचा गुण आहे. मोठी गाडी ऐंशीला गेल्यावरही आवाज करीत नाही, म्हणून मुलाला आपण ऐंशीवर आहोत हेच कळत नाही.

येथे एक कटू विषय काढतो. लग्नात वराला गाडी देण्याची चाल आपल्यात पुन्हा फोफावली आहे. हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे, ते बाजूला ठेवू. पण या गाडीची निवड कशी होते ते पाहा. मुलीचे वडील कर्ज काढून मोठ्यात मोठी गाडी घेतात, कारण ती मांडवाच्या दारात उभी राहावयाची असते. जो मुलगा आजवर मित्राच्या मागे बसून फिरला, तो दुसऱ्या दिवशी त्या गाडीवर नव्या नवरीला बसवून जेजुरीला निघतो. मी तरी या प्रकाराला भेट म्हणत नाही.

नवी घ्यावी की जुनी, यावर प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. नव्याची बाजू अगदीच लंगडी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ वर आला. शिवाय एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेकची व्यवस्था आणि त्यावरील गाड्यांना ए.बी.एस. सक्तीचे आहे. जोडब्रेकाच्या गाडीत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. नवशिक्याला ही मोठीच मदत. म्हणून जुनी घेताना जमल्यास २०१९ नंतरची घ्यावी. एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या बी.एस. सहाच्या आहेत, आणि बहुतेकांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. गाडी चांगली चालते, पण आडगावच्या मिस्त्रीकडे ते तपासण्याचे साधन आहे का, ते आधी विचारावे. माझा कौल तरीही जुन्याकडे आहे. एक-दोन वर्षे शिकून झाल्यावर मुलाने स्वतःच्या पगारातून नवी घ्यावी. आपणांस काय हवे हे त्याला तोवर कळलेलेही असेल.

जुनी गाडी कशी पाहावी, हे मी माझ्या भाच्याच्या खरेदीत पाहिले ते सांगतो. मी, भाचा आणि आमच्या गावचे एक मिस्त्री असे तिघे निघालो. खिशात पस्तीस हजार. तीन गाड्या पाहावयाच्या होत्या.

पहिली गाडी लखलखीत होती. नवे सीटकव्हर, नवे स्टिकर, टाकीला पॉलिश. भाचा तिच्यावरून नजर काढीना. मिस्त्रींनी कशाकडे पाहिले नाही. वाकून इंजिनाजवळ हात नेला. इंजिन तापलेले होते. "आत्ताच एक फेरी मारून आलो," मालक म्हणाला. "मग आम्ही चहा घेऊन येतो," मिस्त्री म्हणाले. तासाभराने परत गेलो तेव्हा त्या थंड गाडीला आठ-नऊ किका माराव्या लागल्या आणि सुरू होताच मागून निळसर धूर आला. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा, पिस्टन अथवा व्हॉल्व्हचे काम निघणार. थंडीच्या दिवसांत सकाळी क्षणभर दिसणारी पांढरी वाफ निराळी, तिला भिण्याचे कारण नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवणे ही जुन्या बाजारातली जुनी युक्ती आहे. म्हणून जाताना कळवून जावे, पण सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचावे.

दुसऱ्या गाडीचे इंजिन उत्तम होते. एका किकेत सुरू, आवाज गोड. मिस्त्रींनी तिला नळाखालच्या ओल्या जागेतून सरळ पुढे कोरड्या फरशीवर चालवीत नेले आणि मग आम्हांला फरशीवरचे चाकांचे ओले पट्टे दाखविले. मागच्या चाकाचा पट्टा पुढच्याच्या वर पडावयास हवा. तो दोन बोटे बाजूला होता. हँडल सरळ धरले की पुढचे चाक डावीकडे पाही. गाडीची चौकट कधीतरी मोठ्या धक्क्यात वाकली होती. "अपघात झाला होता का?" असे मी मालकाला विचारले. त्याने शपथेवर नाही म्हणून सांगितले. खरेही असेल, ती त्याच्याकडे दुसऱ्या हातची आली होती.

तिसरी गाडी एका दूधवाल्याची होती. दोन्ही बाजूंना किटल्यांचे घासे, टाकीचा रंग उडालेला, सीट फाटलेले. इंजिन थंडगार, किक मारताच सुरू. हँडल डावी-उजवीकडे फिरविताना कोठे अडकत नव्हते. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ नव्हता. मागचा टायर गुळगुळीत झाला होता, चेन सैल होऊन दाते झिजले होते, आणि पुढचा ब्रेक नावापुरता. मिस्त्री म्हणाले, "हे सगळे बदलावयाचे सामान आहे, बिघडलेले नाही." हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. गाडी अठ्ठावीस हजारांना मिळाली. टायर, चेनसेट, दोन्ही ब्रेकशू आणि केबल मिळून साडेतीन हजार. उरलेल्यातून चांगले हेल्मेट, विमा आणि नावावर करण्याचा खर्च. भाच्याचे तोंड एवढेसे झाले होते. "मामा, कॉलेजात पोरे हसतील," तो म्हणाला. हसली असतीलही.

या हेल्मेटाबद्दल एकच सांगतो. त्याचा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा, वरचा खर्च म्हणून नव्हे. आय.एस.आय. चिन्ह असलेलेच घ्यावे; रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगून विकतात ते पोलिसांना दाखविण्यापुरते असते. पट्टा हनुवटीखाली बसला पाहिजे. आणि मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट लागते, हे आपण सोयीने विसरतो.

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, पण येथेच माणसे फसतात. आर.सी. बुकावरील इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहा. बुकावर कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. जुने चलन थकले आहे का ते पाहा. गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती कधी संपते ते पाहा. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. आपल्याकडे नुसत्या सह्या केलेले कोरे टी.टी. फॉर्म घेऊन गाड्या चार-चार हात फिरतात. "नंतर करू नावावर" असे विकणाराही म्हणतो आणि घेणाराही.

विकणाऱ्या बंधूंनी तर हे विशेष ऐकावे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, नावावर कोणीच केली नव्हती, आणि अपघाताच्या भरपाईचा भार नोंदीवरच्या मूळ मालकावर आला. राज्यांतल्या राज्यांत गाडी विकली तर चौदा दिवसांत कळविणे हे विकणाऱ्याचे काम आहे. घेणाऱ्याने विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करून घ्यावा.

आता वयाची गोष्ट. गिअरच्या मोटारसायकलीसाठी वयाला अठरा वर्षे पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो पन्नास सी.सी.पर्यंतच्या गाडीचा, आणि तशी गाडी आज शोधूनही सापडत नाही. असे असता आपल्या वस्तीत नववीतली मुले ट्यूशनला गाडीवरून जातात आणि वडील कौतुकाने सांगतात की, याला कोणी शिकविले नाही, आपोआप आली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आले आहे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला अथवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ज्या मुलाला पुढे गाडीवरच नोकरी करावयाची आहे, त्याने पंचविशीपर्यंत काय करावे?

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि निदान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. हे तीस दिवस लोक केवळ कंठतात. खरे तर ते शिकण्याचे आहेत. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावावे, त्यात लाज कसली? पहिला आठवडा मैदानात. प्रथम गाडी बंद ठेवून क्लच आणि दोन्ही ब्रेक हाताखाली आणावेत. मग पहिल्या गिअरात, ॲक्सिलरेटर न पिळता, नुसत्या क्लचवर गाडी माणसाच्या चालीने नेता आली पाहिजे. वेगाने जाणे कोणालाही जमते; हळू जाणे हीच विद्या आहे, आणि आर.टी.ओ.तही आठचा आकडा काढावयास लावतात तो याचसाठी. आणखी एक खबरदारी: गिअर सर्व गाड्यांचे सारखे नसतात. काहींत सगळे पुढे दाबून पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर. फार जुन्या बुलेटला तर गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. मित्राची गाडी 'एक फेरी' म्हणून घेणाऱ्याने हे आधी विचारावे.

ब्रेकविषयी आपल्याकडे एक समजूत घट्ट रुतून बसली आहे. पुढचा ब्रेक लावला की माणूस डोक्यावरून उलटा पडतो, म्हणून नवशिक्याने तो लावूच नये! कित्येक वडील हेच शिकवितात. वस्तुस्थिती अशी की, गाडी थांबू लागली म्हणजे भार पुढे येतो, पुढचे चाक जमिनीला अधिक घट्ट धरते आणि मागचे हलके होते. थांबविण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. एकटा मागचा जोरात दाबला तर मागचे चाक घसरते. म्हणून दोन्ही एकदम, गाडी सरळ असताना, झटका न देता दाबीत न्यावेत. वळणात, वाळूत किंवा चिखलात मात्र पुढच्याला जपावे. हे मैदानात पन्नास वेळा केल्यावाचून रस्त्यावर जाऊ नये.

आणि रस्ता म्हणजे आपला रस्ता. ऊस तुटू लागला की शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पडते. तिच्यावर दव पडले की ती साबण होते. संध्याकाळी दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कडेला उभा असतो, मागे दिवा नाही, लाल कापड नाही, आणि उसाचे शेंडे स्वाराच्या मानेच्या उंचीवर बाहेर आलेले. साखर कारखान्यांच्या मुलखातली ही गोष्ट मी कोणाला नव्याने सांगावयास नको. शिकणाऱ्या मुलाने पहिले तीन महिने दिवेलागणीनंतर गाडी काढू नये, एवढा एक नियम घरातल्या घरात करता येतो. त्याला कायदा लागत नाही.

भगिनींसाठी दोन शब्द. आपल्याकडे मुलीला बिनगिअरची स्कूटर आणि मुलाला मोटारसायकल असे ठरूनच गेले आहे. स्कूटर वाईट नव्हे. पण खड्ड्यांच्या कच्च्या रस्त्यावर लहान चाकांपेक्षा मोटारसायकलीची मोठी चाके बरी पडतात. माझी एक विद्यार्थिनी आरोग्यसेविका आहे. उंची बेताचीच, पाच फूट. वाड्यावस्त्यांवर जावे लागते म्हणून ती वडिलांच्या जुन्या शंभर सी.सी.च्या गाडीवर शिकली आणि आज पावसाळ्यातही लसींचा डबा घेऊन घाट चढते. मागे बसणाऱ्या भगिनींच्या दृष्टीने आणखी एक. मागच्या चाकाला साडी किंवा ओढणी अडकू नये म्हणून जाळी असणे नियमाने आवश्यक आहे. तरुण मुले ती 'दिसायला बरी नाही' म्हणून पहिल्याच दिवशी काढून टाकतात. जुनी गाडी घेताना ती नसली तर बसवून घ्यावी. खर्च फार नाही.

भाच्याने ती दूधवाल्याची गाडी दीड वर्ष वापरली. तीनदा पडला, तिन्ही वेळा आपल्याच दारात. पुढे नोकरी लागल्यावर त्याने नवी घेतली आणि ही जुनी आपल्या मंडळातल्याच एका मुलाला दिली. नाव त्याच महिन्यात बदलून घेतले. सध्या तो मुलगा शाळेच्या मैदानावर सकाळी सहा ते सात तिच्यावर आठचा आकडा काढतो. कोणा पालकाला आपल्या मुलाला घेऊन यावयाचे असेल तर मी तेथे रोज फिरावयास असतोच.